लघवी तपासून वृषणाची इजा कळते का?
तुंगार्लीत बंगल्यांचे रंगकाम करणारे, मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये फवारणी करणारे रुग्ण विचारतात, "डॉक्टर, लघवी तपासून कळेल का?" थोडेफार कळते. काही थिनरमधले ग्लायकॉल ईथर शरीरात गेले, तर त्यापासून बनलेले आम्ल लघवीत उतरते. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंशही सापडतात. पण यावरून संपर्क आला एवढेच समजते, आणि तेही काही दिवसच.

इजेची खूण म्हणून क्रिएटिनचा अभ्यास झाला आहे. उंदरांच्या वृषणाला इजा झाली की ते लघवीत वाढते. माणसात मात्र स्नायू आणि आहारानेही ते बदलते, म्हणून त्यावरून निदान करत नाहीत. (नेहमीच्या रिपोर्टमधले क्रिएटिनिन वेगळे, ते किडनीसाठी.)

1977 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डीबीसीपी कारखान्यातील कामगारांनाच आधी जाणवले, की आपल्यापैकी कुणाला मूल होत नाही. वीर्यतपासणीत ते सिद्ध झाले. आजही मुख्य तपासणी तीच. आधी 2 ते 7 दिवस वीर्यपात टाळावा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून संपर्क थांबवून तीन महिन्यांनी ती पुन्हा करा. येताना डब्यावरच्या लेबलचा फोटो आणा.