३१ एप्रिलचे काय करावे?

अर्जावर ३१ एप्रिल अशी तारीख दिसली तर जागरूक कारकून तो अर्ज परत करतो. संगणकाने मात्र बरीच वर्षे तसे केले नाही. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणात ‘एमकेटाइम’ नावाचे फंक्शन आहे. त्याला ३१ एप्रिल दिली की ते कसलीही तक्रार न करता १ मे धरते. जावा भाषेच्या ‘सिंपलडेटफॉरमॅट’ने हाच सैलपणा तारखेचा मजकूर वाचतानाही ठेवला, काटेकोर तपासणी हवी असेल तर प्रोग्रामरने ती आठवणीने मागायची. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.०.२ पूर्वीच्या आवृत्त्या तर ३१ फेब्रुवारी जशीच्या तशी साठवून घेत. यात अडाणीपणा नव्हता, सोय होती. १५ एप्रिलच्या बिलाची मुदत ३० दिवस असेल, तर ‘४५ एप्रिल’चा १५ मे आपोआप होणे कामाचेच आहे. पण ती बेरीज झाली. माणसाने लिहिलेली तारीख वाचणे हे वेगळे काम. ३१ एप्रिल लिहिणाऱ्याच्या मनात ३० एप्रिल असेल, ३१ मार्च असेल किंवा ३१ मे. प्रोग्रामने १ मे ठरवले की चूक तर राहतेच, शिवाय ती चूक होती याचा पुरावाही पुसला जातो.

एकदा आत शिरलेली खोटी तारीख किती चिवट असते, हे २९ फेब्रुवारी १९०० वरून कळते. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात नसेल तर ते लीप वर्ष नसते. त्यामुळे १९०० मध्ये हा दिवस उगवलाच नाही. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्रामने तो धरला आणि त्याच्या फायलींशी जुळावे म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून उचलली. आजही एक्सेलच्या १९०० पासूनच्या गणनेत ६० हा आकडा तारखेच्या रूपात पाहिला की २९ फेब्रुवारी १९०० दिसते, आणि त्याआधीच्या दिवसांचे वार एकाने चुकतात.

काटेकोरपणावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे: अशक्य वाटणारी तारीख कधी खरीही असते. स्वीडनने १७०० चा लीप दिवस गाळून कालगणना बदलायला घेतली, पण पुढे तो बेत सोडला आणि जुन्या ज्युलियन गणनेवर परतण्यासाठी १७१२ च्या फेब्रुवारीला ३० दिवस दिले. त्या दिवसाची स्वीडिश नोंद नाकारणे चूकच. पण सैल प्रोग्राम तिचे काय करतो? १ मार्च. ग्रेगोरियन गणनेत तो दिवस ११ मार्च होता, म्हणजे दुरुस्तीच दहा दिवसांनी फसली. तेव्हा हा आक्षेप गुपचूप दुरुस्तीच्या बाजूने जात नाही. जुन्या नोंदीचा मूळ मजकूर जसाच्या तसा राखावा आणि कालगणना कोणती हे शेजारी लिहावे. आजच्या अर्जातली ३१ एप्रिल मात्र प्रोग्रामने स्वतः न सुधारता, भरणाऱ्यालाच परत विचारावी.