विकासवाडी

ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यात घडवलेली बालशिक्षणाची पद्धत. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात चालवणे हे तिचे मुख्य लक्षण होय. मुलाच्या वाढीचा विचार त्याच्या कुटुंबातील कामे, भावंडे आणि नाती यांच्यासह केला पाहिजे, हा या पद्धतीचा पाया आहे. त्यामुळे शिक्षणशास्त्राइतकेच बालमानसशास्त्रातही तिचे मोल मोठे आहे.

पार्श्वभूमी : तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवीधर झालेल्या ताराबाईंनी राजकोट येथील अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्यपदाचा अनुभव घेतल्यावर भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले. माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप देण्याचा प्रयत्न तेथे चालू होता. त्यातूनच १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. मात्र बालशिक्षणाचा लाभ शहरी, सुस्थितीतल्या घरांपुरताच राहिला होता. तो खेड्यात नेण्यासाठी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले आणि बालविधवा असूनही जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई त्याच वर्षी त्यात सामील झाल्या. १९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. हा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

रचना : बोर्डीला गावातील मध्यवर्ती बालवाडीबरोबर ‘अंगण बालवाडी’ही भरू लागली. गरीब वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. मुलांना स्वच्छ करणे, गाणी, गोष्टी, खेळ हे सारे घरासमोरच्या अंगणात, आई-आजीच्या डोळ्यांदेखत चाले. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, माती व बांबू आले. मुलाच्या हाताला ओळखीच्या असलेल्या या वस्तूंमधूनच मोजणे, जुळवणे, क्रम लावणे शिकवता येई.

कोसबाडला अडचण अधिक खोल होती. आईबाप मजुरीला गेले की सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवस काढी. मुलगे गुरांमागे रानात जात. अशा मुलीला शाळेत बोलावणे म्हणजे तान्ह्या मुलाला वाऱ्यावर सोडायला सांगणे. म्हणून तिच्याबरोबर ते तान्हे मूलही शाळेत आले: धाकटे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली प्राथमिक वर्गात. एकाच आवारात असल्याने ती भावंडाला मधूनमधून पाहू शके. गुराख्यांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली; गुरे चरतात तेथेच शिक्षक जात आणि रानातील झाडे, पक्षी, ओढे हेच पाठांचे विषय होत.

मानसशास्त्रीय अर्थ : विसाव्या शतकाच्या मध्यास बालमानसशास्त्राचे लक्ष मुख्यतः आई आणि मूल या जोडीवर होते. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या १९५१ च्या अहवालाने या विचाराला मोठे बळ दिले. अनेक समाजांत मुलांचा सांभाळ मोठ्या भावंडांकडे असतो, या वस्तुस्थितीचा व्यापक आढावा थॉमस वाइसनर व रोनाल्ड गॅलिमोर यांनी १९७७ मध्ये घेतला. मुलाची वाढ घर, शाळा आणि आईबापांचे कामाचे ठिकाण यांच्या परस्परसंबंधांतून समजून घ्यावी, अशी मांडणी युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९ मध्ये केली. मुलाची वाढ, भावंडे आणि आईबापांचे काम यांचे हे नाते कोसबाडच्या शिक्षिकांनी रोजच्या कामातून आधीच ओळखले होते. भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीत जबाबदारी, दुसऱ्याची गरज ओळखण्याची समज आणि धीर हे गुण वाढतात. त्याच वेळी तिचे खेळणे व शिकणे हिरावले जाते. विकासवाडीने तिच्यावरचा भार हलका केला आणि भावंडाशी असलेले नाते टिकवले.

शहापूर–मुरबाड : कोसबाडसारखीच परिस्थिती ठाणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याच्या या दोन तालुक्यांतही दिसते. येथे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या जमातींची वस्ती आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, मुरबाडचा काही भागही त्यात येतो. भातकापणी संपली की अनेक कुटुंबे, विशेषतः कातकरी, मालकाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलांसमोर तेव्हा दोन वाटा असतात: पाड्यावर आजी-आजोबांकडे राहणे किंवा भट्टीवर जाऊन धाकट्यांना सांभाळणे. पहिलीत आईबापांचा सहवास तुटतो, दुसरीत शाळा. निवासी आश्रमशाळेने जेवण, निवारा व शिक्षणाची सोय केली. पण लहान वयात घरापासून दूर राहण्याचा ताण मुलाला सोसावा लागतो. कोसबाडचा प्रश्न येथे आजही जिवंत आहे आणि स्थलांतरामुळे अधिक बिकट झाला आहे.

मूल्यमापन : ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी गावोगाव नेली. मात्र कोसबाडला एकत्र असलेले घटक सरकारी रचनेत विभागले गेले. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, प्राथमिक शाळा शिक्षण विभागाकडे आणि आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे राहिली. अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान मुलांना घरपोच आहार मिळतो. पण पाळणाघराची जोड नसेल तेथे त्यांना दिवसभर सांभाळायचे कोणी, हा प्रश्न घरातील थोरल्या मुलीवरच येऊन थांबतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा म्हणून एकत्र मानले, हे विकासवाडीच्या दिशेचे पाऊल आहे. त्यात तीन वर्षांखालील मुलांच्या सांभाळाची जोड दिली, तरच कडेवर भावंड असलेल्या मुलीला वर्गात बसता येईल.

या पद्धतीचे यश स्थानिक, प्रशिक्षित आणि मुलाच्या घरी जाणाऱ्या शिक्षिकेवर अवलंबून असते, ही तिची मर्यादा मानली जाते. प्रत्यक्षात हीच तिची सर्वांत मौल्यवान शिकवण आहे. शहापूर-मुरबाडसारख्या भागात बालविकासाचा अभ्यास करणाऱ्याने मुलाचे वजन, उंची व अक्षरओळख यांबरोबर त्याच्या घरी दिवसभर कोण असते, कोण कोणाला सांभाळते आणि कुटुंब वर्षातून किती महिने गावात राहते, हे पाहिल्याशिवाय त्या मुलाची वाढ समजत नाही.