जुन्या दोलनदर्शकाचे कंडेन्सर

खानापूर तालुक्यातील नंदगडच्या पावसाळी हवेत कपाटातील पुस्तकेही ओलावतात. मग तेथे वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या जुन्या ऑसिलोस्कोपची, म्हणजे दोलनदर्शकाची, काय कथा! पडद्यावरील रेषा थरथरू लागली की दोष बहुधा कंडेन्सरचा असतो.

विजेची लहर डोळ्यांना दाखविणारी नळी फर्डिनंड ब्राउन यांनी 1897 साली सिद्ध केली. कंडेन्सर तिच्याहून दीडशे वर्षांनी वडील. 1746 मध्ये लायडनच्या मुस्खेनब्रूक यांना पाण्याच्या बरणीत साठविलेल्या विजेने असा धक्का दिला की, फ्रान्सचे राज्य मिळाले तरी तो प्रयोग पुन्हा करणार नाही, असे त्यांनी कळविले. दुरुस्ती करणाऱ्याने हे विसरू नये. प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट दबा धरून असतात. ते रेझिस्टन्समधून निचरू द्यावेत आणि मीटरने खात्री करूनच हात घालावा.

कंडेन्सरचे वार्धक्यही दोन तऱ्हांचे. मेणकागदी कंडेन्सर ओल शोषून गळका होतो. ॲल्युमिनियमच्या डबीतील इलेक्ट्रोलायटिकचा द्रव मात्र आटतो. नव्याचे मायक्रोफॅरड जुन्याइतके, व्होल्टेज तितके वा अधिक हवे. धन-ऋण टोके उलटली तर तो फुटतो.

काही कारागीर जुनी डबी जागीच ठेवून तिच्या पोटात नवा कंडेन्सर बसवितात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हेच रुचते. डबीतून काढलेले अवशेष लिफाफ्यात घालून, वर तारीख लिहून, यंत्राजवळच ठेवावेत.