गोदावरीचं खोरं : चांगलं कोणासाठी, कधीपासून?

आजचा विषय अधिवासाची गुणवत्ता. शब्द जड आहे, अर्थ साधा: एखादी जागा तिथल्या जिवांना राहायला, खायला, पिल्लं वाढवायला कितपत बरी आहे. हल्ली उपग्रहाच्या चित्रांवरून जंगल, शेत, पाणी, वस्ती असे तुकडे ओळखतात आणि संगणक प्रत्येक तुकड्याला शून्य ते एक यांच्या दरम्यान गुण देतो. पद्धत उपयोगी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला दोन प्रश्न पडतातच. चांगली, म्हणजे कोणासाठी? आणि बदलली, म्हणजे कधीपासून?

आपण गोदावरी घेऊ. ब्रह्मगिरीपासून बंगालच्या उपसागरापर्यंत १४६५ किलोमीटर, खोरं तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर. पहिला लँडसॅट उपग्रह आकाशात गेला १९७२ साली. म्हणजे चित्रांची मालिका तिथून सुरू होते. तेव्हा जायकवाडीचं काम सुरू होऊन सात वर्षं झाली होती, आणि खाली राजमहेंद्रीजवळचा धवळेश्वरमचा बंधारा तर १२० वर्षांचा म्हातारा होता. ज्याला आपण 'आधीची स्थिती' म्हणतो ती अशी बरीच नंतरची असते.

मग त्याच्या आधीचं कुठे शोधायचं? सातवाहनांच्या पैठणकडे जाऊ. हालाच्या 'गाथासप्तशती'त एक प्रसिद्ध गाथा आहे. आनंदवर्धनापासून सगळे ध्वनिवादी तिच्यावर बोलले. एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते की बाबा, खुशाल फीर, तुला भिववणाऱ्या कुत्र्याला गोदाकाठच्या जाळीतल्या सिंहाने मारलं. तिला खरं तर त्याला तिथून पळवायचंय, कारण ती जाळी तिच्या भेटीची जागा. सिंह नाहीच, असं टीकाकार म्हणतात. नसू दे! थाप पटायची तर ती शक्य वाटावी लागते ना? गोदाकाठी सिंह दडेल अशी दाट जाळी आहे, हे ऐकणाऱ्याला सहज पटणार होतं. आज पैठणच्या घाटावर ही थाप कोणी मारून बघावी. पुराव्याला याहून जास्त ताणणार नाही मी. कविता म्हणजे गणती नव्हे.

आता 'कोणासाठी'. १८३०च्या दशकात गोदावरीच्या मुखाकडच्या प्रदेशाने भयंकर दुष्काळ सोसला. आर्थर कॉटनने १८५२पर्यंत धवळेश्वरमचा बंधारा बांधला, कालवे काढले, भात पिकू लागला. तिथले शेतकरी आजही त्याच्या पुतळ्याला हार घालतात, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. पण हिलसा मासा समुद्रात राहतो आणि पुराच्या पाण्यात अंडी घालायला नदी चढतो. त्याच्या वाटेत भिंत आली. एकाच वर्षी, एकाच दगडांनी माणसाचा अधिवास सुधारला आणि माशाचा तुटला. यांची सरासरी काढायची कशी, सांगा.

वर आपल्याकडे उलटा प्रकार. निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी बंधारा झाला. त्यात गाळ भरत गेला. इंजिनिअरच्या हिशेबाने साठा घटला, म्हणजे तोटा. पण त्या गाळावर उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती आल्या आणि हिवाळ्यात हजारो पक्षी उतरू लागले. १९८६ साली अभयारण्य, आणि २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ! जायकवाडीचा नाथसागरही पक्षी अभयारण्य आहे. मात्र नकाशावर तो 'पाणी' आहे आणि धरणाआधीची वाहती नदीही 'पाणी'च. गुण देताना त्या रंगात खळाळ, डोह, वाळवंट हे वेगळे दिसत नाहीत. ज्या माशाला धार लागते त्याला मात्र फरक कळतो.

आणि गाळाचं म्हणाल तर तो नुसता नांदूरला बसलेला नाही. खोऱ्यातल्या लहानमोठ्या सगळ्या धरणांत अडकलाय. त्याच गाळाने गोदावरीने मुखाशी जमीन घडवली होती, कोरिंगाचं खारफुटीचं जंगल त्याच जमिनीवर उभं आहे. आता तो कमी पोचतो, आणि काही ठिकाणी समुद्र किनारा खातोय. बसा, पाणी घेतो जरा, मग तुमचे प्रश्न.