मोबाइल व्हीपीएन : जोडणीतील बिघाड व दोषशोधन (बुलढाणा जिल्हा)

व्हीपीएन म्हणजे मोबाइल आणि दूरवरचा सर्व्हर यांच्यात माहिती सांकेतिक रूपात नेणारी जोडणी. तिला टनेल म्हणतात. प्रॉक्सी हा जवळचा प्रकार असून त्यात बहुधा एखाद्याच अ‍ॅपची वाहतूक मध्यस्थ सर्व्हरमार्फत जाते आणि ती सांकेतिक असेलच असे नाही. जोडणी न होणे, होऊन तुटणे आणि ‘कनेक्टेड’ दिसूनही नेट न चालणे, असे बिघाडाचे तीन प्रकार आहेत. दोष अ‍ॅपमध्ये दिसला तरी त्याचे मूळ अनेकदा त्याखालच्या मोबाइल जाळ्यात असते. म्हणून तपासणी रेंज, डेटा, डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी यंत्रणा), टनेल या क्रमाने करावी.

भौगोलिक स्थिती : जिल्ह्याचे क्षेत्रफळ सु. ९,६६१ चौ. किमी., तालुके १३, लोकसंख्या २५,८६,२५८ (२०११). अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा हे तालुके घाटावर, तर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्याकडे येतात. राजूर घाट किंवा बोथा घाट ओलांडताना फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो, मधे रेंज क्षीण होते आणि टनेल तुटू शकतो. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याला मध्य प्रदेशची हद्द लागते. तेथे फोनने शेजारच्या दूरसंचार सर्कलचा टॉवर पकडल्यास आयपी पत्ता बदलून जोडणी नव्याने करावी लागू शकते. मोबाइल सेवा न पोहोचलेल्या गावांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये देशभरातील २४,६८० गावांत ४जी नेण्याची योजना मंजूर केली.

इतिहास : व्हीपीएनची पीपीटीपी ही पद्धत १९९६ मध्ये पुढे आली, ती आज असुरक्षित मानली जाते. अँड्रॉइड १२ (२०२१) पासून पीपीटीपी व एल२टीपीची नवी प्रोफाइल फोनच्या सेटिंगमधून करता येत नाही. वायरगार्ड ही नवी व्हीपीएन पद्धत मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलमध्ये (५.६) समाविष्ट झाली. त्याच महिन्यात दूरसंचार विभागाने घरून काम करणाऱ्यांसाठी व्हीपीएनविषयक अटी तात्पुरत्या शिथिल केल्या आणि नोव्हेंबर २०२० मध्ये संबंधित नियमावलीच बदलली.

कायदेशीर स्थिती : भारतात व्हीपीएनवर सरसकट बंदी नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत वेळोवेळी तात्पुरती बंदी घालण्यात आली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवादात्याला ग्राहकांची नोंद पाच वर्षे जपावी लागते. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून वगळले आहे. त्यानंतर जून २०२२ मध्ये एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क व नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर हटवले. त्यामुळे अ‍ॅपमध्ये ‘भारत’ निवडले तरी सर्व्हर प्रत्यक्षात परदेशात असू शकतो आणि वेग घटतो. जानेवारी २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ सह काही अ‍ॅप भारतातील अ‍ॅप स्टोअरमधून काढली गेली. प्रशासनाने इंटरनेटच बंद केले असल्यास व्हीपीएनचा उपयोग होत नाही.

दोषशोधन : (१) रेंज व डेटा. व्हीपीएन बंद करून ब्राउझरमध्ये एखादे पान उघडावे. ते उघडले नाही तर दोष व्हीपीएनचा नाही. फ्लाइट मोड काही क्षण चालू करून बंद केल्यास फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो. काही रिचार्ज योजनांत रोजचा डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. एवढ्या वेगात टनेलची सुरुवातीची देवाणघेवाणही रेंगाळू शकते. गावात लाईन गेली असेल तर टॉवरची बॅटरी उतरल्याची शक्यता ध्यानात घ्यावी.

(२) तारीख व वेळ. घड्याळ चुकीचे असेल तर सर्व्हरचे ओळख पटवणारे प्रमाणपत्र अवैध ठरू शकते. वायरगार्डमध्ये घड्याळ मागे गेल्यास सर्व्हर जोडणीची विनंती नाकारतो. फोनची वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवावी.

(३) डीएनएस. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे (पोर्ट ८५३). तेथे ठरावीक नाव भरलेले असेल तर व्हीपीएनच्या डीएनएसशी त्याचा मेळ बसेलच असे नाही; ‘ऑटोमॅटिक’ करून पाहावे.

(४) पोर्ट. व्हीपीएनच्या पद्धतींपैकी ओपनव्हीपीएन सहसा यूडीपी ११९४, आयकेईव्ही२ यूडीपी ५०० व ४५००, वायरगार्ड यूडीपी ५१८२० वापरते. कॉलेज, कार्यालय वा लॉजच्या वायफायवर हे पोर्ट अडवलेले असू शकतात. मोबाइल डेटावर जोडणी झाली आणि वायफायवर झाली नाही, तर हेच कारण संभवते. ओपनव्हीपीएन टीसीपी ४४३ वर चालवून पाहावे. रेल्वे स्थानकाच्या वायफायवर आधी ओटीपी देऊन लॉगिन करावे, मग व्हीपीएन सुरू करावे.

(५) पॅकेटचा आकार. जोडणी झालेली दिसते, व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर जातो पण फोटो जात नाही, काही संकेतस्थळे उघडतात तर काही अडकतात, ही याची लक्षणे. हा दोष सहसा चटकन ओळखला जात नाही आणि अकारण अ‍ॅप पुनःपुन्हा काढून टाकण्यास कारण ठरतो. पॅकेटची नेहमीची कमाल मर्यादा (एमटीयू) १,५०० बाइट. वायरगार्ड सर्वसाधारणपणे १,४२० धरते. जिओसारख्या आयपीव्ही६ वर उभारलेल्या जाळ्यात आयपीव्ही४ चे पॅकेट रूपांतरित होताना २० बाइट वाढतात, शिवाय वाटेत आणखी आवरणे चढतात. मोठी पॅकेट मग वाटेतच गळतात. वायरगार्डच्या प्रोफाइलमध्ये एमटीयू १,२८० करावा. ओपनव्हीपीएनमध्ये ‘एमएसएसफिक्स’चे मूल्य कमी करावे.

(६) सामायिक आयपी. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देतात. कोणती जोडणी कोणत्या ग्राहकाची याची नोंद कंपनीकडे असते; टनेल काही काळ शांत राहिला की ही नोंद पुसली जाते. वायरगार्डमध्ये ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवल्यास ती टिकते. घाटातून प्रवास करणाऱ्याला आयकेईव्ही२ सोयीचे, कारण पत्ता बदलला तरी ते मोबाइक या सुविधेच्या आधारे टनेल टिकवू शकते.

(७) फोनच्या सेटिंग. अनेक फोन बॅटरी वाचवण्यासाठी पार्श्वभूमीतले अ‍ॅप बंद करतात. व्हीपीएन अ‍ॅपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळावे व ‘ऑटोस्टार्ट’ द्यावे. फोनच्या एका वापरकर्ता-प्रोफाइलमध्ये एका वेळी एकच व्हीपीएन चालते. जाहिराती अडवणारी काही अ‍ॅपही ही जागा घेतात. ‘व्हीपीएनशिवायच्या जोडण्या रोखा’ हा पर्याय चालू राहिल्यास टनेल तुटताच सगळे नेट थांबते.

आयफोन : तपासणीचा क्रम हाच.

दक्षता : परदेशी सर्व्हरवरून अनेक सरकारी संकेतस्थळे व काही बँकांची अ‍ॅप चालत नाहीत. सातबारा, पीक विमा किंवा यूपीआयचे काम व्हीपीएन बंद करून करावे. व्हीपीएन अ‍ॅपला संपर्कयादी, एसएमएस किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी लागत नाही; जे मागेल ते काढून टाकावे. बाहेरून मिळालेली एपीके फाइल टाकू नये. जोडणी जमत नाही म्हणून प्रमाणपत्राची तपासणी बंद करणे सर्वथा टाळावे, कारण त्यानंतर पलीकडचा सर्व्हर खरा की बनावट हे फोनला ओळखता येत नाही.