टेन्शन वाढलंय? आधी झोप, चहा अन् तंबाखूकडे बघा

अहिल्यानगर : कांद्याचा भाव पडला, सोसायटीचा हप्ता तोंडावर आला आणि मोटारीची लाईट नेमकी रात्रीची. जिल्ह्यातल्या अनेक घरांत टेन्शनची कारणं हीच. प्राणायाम करून कांद्याचा भाव वाढत नाही, हे खरंच. पण ताणानं शरीराचं होणारं नुकसान नक्की कमी करता येतं.

उसात अचानक बिबट्या दिसला की छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास जोरात चालतो. पळता यावं म्हणून शरीरानं केलेली ही तयारी. बिबट्या गेला की सगळं शांत होतं. कर्जाची काळजी मात्र अशी निघून जात नाही. मग शरीर दिवसरात्र सावधच राहतं. झोप मोडते, पित्त वाढतं, डोकं दुखतं, घरच्यांवर उगाच चिडचिड होते.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो झोपेनं. मोठ्या माणसाला 24 तासांत किमान 7 तास झोप लागते. रात्रीचं पाणी धरावं लागत असेल तर दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत, मोबाईल बंद करून सलग झोप घ्यावी. भावाभावांत किंवा शेजाऱ्याशी पाळी वाटून घेतली तर रोज एकाचंच जागरण होत नाही. घरातल्या बाईचा विचार तर कुणी करतच नाही. सगळ्यांच्या आधी उठणारी आणि शेवटी आडवी होणारी तीच असते.

संध्याकाळी 6 चा चहा साधा वाटतो, पण त्यातलं जवळपास निम्मं कॅफिन रात्री 11 पर्यंत अंगात राहतं. म्हणून शेवटचा चहा दुपारीच घ्यावा. तंबाखू मळली की बरं वाटतं, कारण तलफ भागते. ती तलफ लावलेली असते तंबाखूनंच. दारूनं डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते.

शेतात राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची फारशी गरज नाही. दुकानात किंवा गाडीवर दिवस काढणाऱ्यानं आठवड्याला 150 मिनिटं झपझप चालावं. जीव घाबरा झाला तर पाच मिनिटं सावकाश श्वास घ्यावा, सोडताना जास्त वेळ लावावा.

बोलायला माणूस हवाच. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा गावातल्याच बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. सोबत शेतकरी मंडळं, महिला मंडळं उभी राहिली. आरोग्य सुधारायचं तर माणसं एकत्र बसली पाहिजेत, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आज ती जागा बचत गटाची बैठक, भजन किंवा पारावरच्या गप्पा घेऊ शकतात. मात्र तिथं नुसतं राजकारण नको, घरचंही बोलावं.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं असेल तर डॉक्टरांना दाखवावं. कुणी ‘जगून काय उपयोग’ असं म्हणू लागलं तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटं सोडू नये आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवावीत. सरकारच्या टेलीमानस सेवेचा नंबर 14416 आहे. फोन मोफत लागतो, 24 तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं.