गोगलगायीच्या पोटातली नोंदवही

राहुरीहून बारागाव नांदूरला गेले की मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर दिसतो. अशा जलाशयाचे काठ म्हणजे पाणथळ जागाच. तेथील पाणी निरोगी आहे की नाही, हे कसे ओळखावे? बाटलीत भरलेला नमुना त्या दिवसापुरते सांगतो. पाण्यात महिनोन् महिने राहणारे जीव मागचेही सांगतात.

हा विचार जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०२ ते १९०९ या काळात पद्धतशीर मांडला. सांडपाण्यामुळे प्राणवायू घटला की मेफ्लाय कीटकाची पिल्ले नाहीशी होतात. कायरोनोमस माशीच्या लाल अळ्या मात्र तग धरतात, कारण त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते.

परजीवींकडे मात्र दीर्घकाळ केवळ शत्रू म्हणूनच पाहिले गेले. त्याला कारणही होते. १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे शिस्टोसोमा कृमीच्या रोगाचे केंद्र असल्याचे दाखवून दिले. रुग्णाच्या लघवीतून कृमीची अंडी पाण्यात जातात, त्यांतून निघालेले डिंभ गोगलगायीत वाढतात आणि पुढे माणसाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. म्हणजे तेथील गोगलगाय सांगत होती की, या पाण्यात माणसाची घाण मिसळते आहे.

याच तर्काची दुसरी बाजू कॅलिफोर्नियातील कार्पिन्टेरिया येथे दिसली. तेथील खाऱ्या पाणथळीची दुरुस्ती झाल्यावर हस्पेनी आणि लॅफर्टी यांनी गोगलगायींतील पर्णकृमी मोजले. सहा वर्षांत कृमीग्रस्त गोगलगायींचे प्रमाण जवळजवळ चौपट झाल्याचे त्यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. ही वाढ चांगली कशी? हे कृमी पक्ष्यांच्या पोटात प्रौढ होतात. त्यांतील अनेकांना वाटेत मासा किंवा खेकडाही लागतो. साखळीतला एकही दुवा तुटला तर कृमी संपतो. कृमी वाढले, म्हणजे पक्षी परतले होते.

तेव्हा 'परजीवी आहेत का?' एवढे विचारून भागत नाही, 'कोणाचे आहेत?' हे विचारायला हवे. आपल्याकडे गुराढोरांच्या यकृतातील पर्णकृमीही गोगलगायीतूनच पसरतो, म्हणून जात ओळखणे महत्त्वाचे. पण सरसकट विष टाकून गोगलगायी मारल्या, तर रोगाबरोबर ही नोंदवहीही पुसली जाईल.

शिक्षक मित्रांनो, सहलीत विद्यार्थ्यांना काठावरूनच किडे आणि गोगलगायी मोजू द्या. पाण्यात मात्र उतरवू नका. शेजारी कोणते पक्षी दिसले, तेही त्याच पानावर लिहायला सांगा.